हवेचा पाईप दर दोन महिन्यांनी टोकालाच जातोय? नवा घेण्याआधी हे बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडे यातलं काय काय होतंय ते ताडून बघा.

– हवेची गन सोडली तरी टोकाजवळ बारीक फुस्स चालूच. दिवसा शेडच्या आवाजात कळत नाही, जेवणाच्या सुट्टीत कळतं.
– कोणी हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर मधेच सुरू होतो, थोडा चालून बंद होतो.
– गेजला सहा-सात किलो प्रेशर दिसतंय, पण गन दाबली की पहिला झटका जोरात आणि मग हवा ढिली.
– क्लिपच्या (पाईपचं टोक आवळून धरणारी पट्टी) मागे पाईपला फुगा आलाय, किंवा वरचं रबर उलून आतली धाग्याची जाळी दिसतेय.
– पाईप निपलवरून (खवल्यांची छोटी नळी, जिच्यावर पाईपचं टोक खोचतात) सुटतो, तुम्ही परत खोचून क्लिप आवळता, महिना-दोन महिन्यांनी परत तेच.

शेवटचं ज्यांच्याकडे होतंय त्यांच्यासाठी मुख्य हे लिहितोय. मी वाळूज एमआयडीसीत छोट्या-मोठ्या शेडमधे मेंटेनन्सची कामं घेतो, प्रेस शॉप, पावडर कोटिंग, गॅरेज, कॉम्प्रेसर सगळीकडे असतोच आणि सगळीकडून हा एकच फोन येतो की पाईप परत निसटला, या वेळी चांगल्या कंपनीचा आणा. पाईपच खराब निघाला असं फार कमी वेळा झालंय. टोक कसं पकडलंय आणि काम झाल्यावर पाईप कुठे नि कसा टांगलाय, बहुतेक वेळा उत्तर या दोन गोष्टीत असतं. त्या तशाच ठेवून नवा पाईप लावला की तोही त्याच जागी जातो.

पान्हा हातात घ्यायच्या आधी

टाकीचा कॉक बंद करा, गन दाबून पाईपमधली सगळी हवा काढा, पाईपच्या बाजूचं गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा, मग क्लिपला हात लावा. नुसता कॉक बंद केला म्हणजे झालं असं नाही, कॉकच्या पुढच्या पाईपमधे हवा दाबून बसलेली असते. आणि क्विक कपलर (झटक्यात जोडता-काढता येणारा जोड) आधीच काढून ठेवला असेल तर जास्तच जपा, कारण कपलर सुटला की तो आपोआप बंद होतो आणि कॉक ते कपलर हा अख्खा तुकडा भरलेला राहतो, बाहेरून काहीच कळत नाही. गन परत जोडा, दाबा, रिकामा करा.

हे एवढं घोळून सांगतोय त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी एका शेडमधे एकोणीस-वीस वर्षांचा हेल्पर पोरगा लीक बंद करायला म्हणून भरल्या पाईपची क्लिप ढिली करत होता, जरा पुढे सरकवून आवळू म्हणून. पाईप निपलवरून सुटला आणि सापासारखा फटके मारायला लागला. टोकाला क्लिप तशीच अडकलेली होती, तिचा स्क्रू त्याच्या भुवईवर बसला. चार टाके पडले. अर्धा इंच खाली बसला असता तर डोळा गेला असता. मी तिथेच दहा फुटांवर होतो आणि कॉकपर्यंत पळत जाईपर्यंत तो पाईप थांबला नाही.

हिशोब सोपा आहे. आपलं गेज किलो दाखवतं म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर तेवढे किलो. अर्धा इंची पाईपचं आतलं तोंड साधारण सव्वा चौरस सेंटीमीटर, ८ किलोला त्या टोकावर १० किलोचा जोर सतत बाहेर ढकलत असतो. पाऊण इंचीला तोच जोर २२-२३ किलो होतो. क्लिप हे सगळं दिवसभर धरून असते, वरून गन ओढणाऱ्याचा हिसका वेगळा.

फुकटातली तपासणी: टाकी आणि साबण

सगळी मशीन बंद असताना टाकी पूर्ण भरू द्या, कॉम्प्रेसरचा स्विच बंद करा, गेजचा आकडा लिहून ठेवा. आधी टाकीचा कॉक बंद ठेवून पाच मिनिटं बघा, मग कॉक उघडून पाच मिनिटं बघा. कॉक बंद असतानाही काटा उतरत असेल तर लीक टाकीकडे आहे, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी जाऊ न देणारा), ड्रेन कॉक किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह, पाईपचा काही संबंध नाही आणि तुम्ही उगाच पाईप बदलत बसाल. कॉक उघडल्यावरच उतरत असेल तर लाईन आणि पाईप तपासायचे.

किती हवा जातेय तेही यातच निघतं. समजा १६० लिटरची टाकी आणि कॉक उघडा ठेवून पाच मिनिटांत ८ वरून ७ किलो झालं, म्हणजे साधारण १६० लिटर मोकळी हवा गेली, मिनिटाला ३२ लिटर. २ एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला पावणेदोनशे-दोनशे लिटरच्या आसपास देतो, म्हणजे त्याच्या कामाचा सहावा हिस्सा नुसत्या लीकवर जातोय. मालकाला लीक दाखवायचं असेल तर हा आकडा सांगा, फुस्स ऐकवून कोणी खर्च मंजूर करत नाही.

मग साबणाचं पाणी. भांड्याचा साबण पाण्यात कालवून जुन्या ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचा, कपलर, आटे, क्लिपच्या दोन्ही बाजू आणि क्लिपच्या मागचा हातभर पाईप. बुडबुडे नेमके कुठे येतात ते बघा, कारण पुढचा सगळा इलाज त्यावर आहे. क्लिपच्या पुढच्या कडेला, म्हणजे निपलच्या बाजूला आले तर पकड ढिली. क्लिपच्या मागे पाईपच्या अंगातून आले तर पाईप आतून चिरलाय, तिथे क्लिप कितीही आवळली तरी उपयोग नाही. लीक शोधायला तळहात किंवा बोट फिरवू नका, बारीक भोकातली जोराची हवा कातडीतून आत शिरू शकते.

प्रेशर आणि पाईपवरची छपाई

ह्यालाही पैसे लागत नाहीत. पाईप पुसा आणि वरचे छापील आकडे वाचा, वर्किंग प्रेशर आणि बर्स्ट प्रेशर दोन वेगळे असतात. बर्स्टचा आकडा साधारण तिप्पट-चौपट मोठा असतो आणि काही दुकानदार तोच दाखवून पाईप विकतात. आपल्याला वर्किंगचा आकडा बघायचा. काहीच छापलेलं नसेल तर तो हवेसाठी वापरू नका, बागेला पाणी घालायचा पाईप हवेला लावलेला मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय.

दुसरं म्हणजे टाकी १० किंवा १२ किलोला भरते आणि बरेच जण रेग्युलेटर (प्रेशर कमी करून देणारा व्हॉल्व्ह) न लावता तेच प्रेशर सरळ पाईपमधे सोडतात. इम्पॅक्ट रेंच, ग्राइंडर अशी बहुतेक हवेची हत्यारं सव्वासहा बारला, म्हणजे ९० पीएसआयला चालवायची म्हणून बनवलेली असतात. १० किलो दिलं तर हत्यारही लवकर झिजतं आणि क्लिपवरचा जोर दीडपट होतो. रेग्युलेटर आहे पण बिघडलाय म्हणून पूर्ण उघडून ठेवलाय, हेही फार दिसतं. तो दुरुस्त करा, पाईपचा अर्धा प्रॉब्लेम तिथेच सुटतो.

आणि ऊन. पीव्हीसी पाईपवरचा आकडा साधारण २०-२३ अंश तापमानाला दिलेला असतो, ५० अंशाला त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे दाराशी उन्हात पडलेला पाईप हाताला चटका देतो, मग मऊ पडलेल्या प्लास्टिकमधे क्लिप रुतते आणि थंड झालं की ढिली पडते. माझ्याकडे निसटायचे सगळ्यात जास्त फोन एप्रिल-मेमधे येतात आणि दुपारी येतात.

कपलर आणि आटे

बुडबुडे कपलरमधून येत असतील तर कपलर फेकू नका. आत रबराची रिंग असते ती काढून बघा, चिरलेली किंवा चपटी झाली असेल तर बदला, रिंग किरकोळ पैशात मिळते. वाळू, बारीक बुरादा अडकला असेल तर तो काढला तरी काम होतं. कपलर जमिनीवर टाकायची सवय असेल तर रिंग महिनाभर पण टिकत नाही. मात्र खोचायचा प्लग आणि कपलर वेगवेगळ्या घडणीचे असतील तर ते बसल्यासारखे वाटतात पण पूर्ण अडकत नाहीत आणि हिसका बसला की सुटतात. जोडल्यावर टिक आवाज आला तरी एकदा मागे ओढून बघायचं.

आट्यातून लीक असेल तर जुनी टेप पूर्ण काढून, पहिला आटा मोकळा सोडून, आटे फिरायच्या दिशेने तीन-चार वेढे. जास्त टेप गुंडाळली तर तिचे तुकडे आत जाऊन गनच्या तोंडात बसतात.

क्लिप, आणि टोक नीट कसं बसवायचं

इथे जरा वेळ द्या. निसटलेला पाईप तसाच परत खोचू नका. ते टोक ताणून मोठं झालेलं असतं, क्लिपने तिथे वळ पडलेला असतो, त्याच जागी ते परत धरणार नाही. धारदार ब्लेडने दोन-तीन इंच सरळ कापून टाका. हॅकसॉने कापलं तर कड तिरकी येते आणि आत रबराचा चुरा पडतो.

मग निपल बघा. ८ मिमीचा पाईप आणि १० चं निपल असेल तर लोक पाईपचं टोक गरम करून ताणून घालतात, १० चा पाईप आणि ८ चं निपल असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घालतात. दोन्ही जोड सुटणारच. आतला माप सारखा पाहिजे. निपलवरचे खवले बोटाने चाचपून बघा, घासून गुळगुळीत झाले असतील तर निपल बदला, पितळी निपल काही महाग नाही. पाईप शेवटच्या खवल्याच्या पुढे पूर्ण जायला पाहिजे आणि क्लिप खवल्यांवर पाहिजे. कितीतरी ठिकाणी निम्मी क्लिप निपलच्या बाहेर नुसत्या पाईपवर असते, ती आवळली की पाईप आत चेपतो आणि निपलच्या कडेवर कापला जातो.

स्क्रूची पातळ क्लिप छोट्या पाईपला, सहा-सात किलोपर्यंत चालवून घेतात, पण रबर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि क्लिप आपोआप ढिली होते, म्हणून लावल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा आणि मग महिन्याला एकदा बघायची. खरा इलाज म्हणजे मशीनवर दाबून बसवलेली फेरूल, म्हणजे पाईपच्या टोकावरची धातूची बांगडी, हायड्रॉलिक पाईप बनवणाऱ्या दुकानात करून मिळते. ज्या टोकाचा मला सारखा फोन यायचा ते मी आता सरळ फेरूल करून घेतो.

बाइंडिंग तार गुंडाळून पकडीने पिळायची पद्धत कृपा करून सोडा. तार रबरात कापत जाते, एका बाजूला आवळते एका बाजूला ढिली राहते, आणि सुटते तेव्हा तिची टोकं घेऊनच उडते.

पाईप तिथेच का जातो: दुमडणं

टोक नीट बसवूनही क्लिपच्या मागे वीतभर अंतरावर पाईप जात असेल तर दोन दिवस नुसतं बघत उभं राहा की पोरं गन कशी बदलतात. कॉकपर्यंत जायला नको म्हणून पाईप हातात दुमडून हवा अडवतात, गन काढतात, दुसरी लावतात, पाईप सोडतात. दिवसातून वीस वेळा, त्याच जागी.

असा एक पाईप मी कापून उभा चिरला होता. बाहेरून चांगला होता, एक भेग नाही. आत मात्र दुमडायच्या जागी काळं अस्तर अर्ध्या गोलाईत तुटून जिभेसारखं सुटलेलं. हवा वेगात वाहिली की ती जीभ उचलून वाट अडवायची, हवा थांबली की परत खाली बसायची. म्हणून तोंडाने फुंकून बघितलं तर पाईप मोकळा, आणि गन दाबली की पहिला झटका जोरात आणि मग ढिली. त्या शेडमधे तोपर्यंत दोन गन नव्या आणून झाल्या होत्या. तुमच्याकडे हे लक्षण असेल तर त्याच कपलरला दुसरा चांगला पाईप आणि तीच गन लावून बघा, हवा नीट आली तर दोष पाईपच्या आत आहे. तो तुकडा कापून टाका, आणि गनच्या आधी क्विक कपलर लावून द्या म्हणजे दुमडायची गरजच राहणार नाही. दुमडलेल्या पाईपची पकड हातातून सुटली तर तो तोंडावरच येतो हे पोरांना सांगा.

दुसरं कारण म्हणजे जड इम्पॅक्ट रेंच पाईपवर लोंबकळणं किंवा गन पाईपला धरून ओढणं. क्लिपच्या मागे स्प्रिंगचं गार्ड बसवा किंवा शेवटचा दोन फूट तुकडा मऊ आणि वेगळा ठेवा, गेला तर तेवढाच बदलायचा.

पाणी, तेल आणि टांगायची जागा

पावसाळ्यात टाकीचं पाणी रोज काढा. ३० अंशाच्या दमट हवेत एका घनमीटरला २५-३० ग्रॅम वाफ असते, दाबल्यावर तिचं बहुतेक पाणी होतं. मिनिटाला १० घनफूट हवा ओढणारा कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाला पाव-अर्धा लिटर पाणी टाकीत साठतं. ते पाईपमधे आलं की पॉलियुरेथेनचे स्वस्त पाईप वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन तुटायला लागतात, आणि पिस्टन कॉम्प्रेसरचं तेल त्यात मिसळलं की साधं रबर फुगून मऊ पडतं, पीव्हीसी कडक होऊन तडकतो. तेल येत असेल तर नायट्राइल रबराचं अस्तर असलेला पाईप मागा. आणि तेलाने माखलेला हवेचा पाईप कधीही ऑक्सिजनला जोडू नका, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की आग लागते.

टांगायचं म्हणाल तर खिळ्यावर पाईप अडकवला की अख्खा भार एका बिंदूवर येतो आणि रोज तिथेच मोड पडतो. मी मोटरसायकलची जुनी रिम भिंतीला बोल्टने मारून देतो, भंगारात मिळते, गोलाई मोठी असते, पाईप तिच्यावर सैल वेटोळ्यात बसतो. गुंडाळताना कोपराभोवती घट्ट वेढे घालू नका, पाईपला पीळ बसतो आणि उघडताना गाठी येतात. ठेवायच्या आधी हवा आणि पाणी दोन्ही काढा, भरलेला पाईप रात्रभर टांगून जाऊ नका. जागा उन्हापासून लांब, वेल्डिंग आणि ठिणग्या मारणाऱ्या मोटरपासून पण लांब, कारण तिथे तयार होणाऱ्या ओझोनने रबराला बारीक आडव्या भेगा पडतात. जमिनीवर कोपऱ्यात ढीग करून ठेवला तर उंदीर कुरतडतात, हे मी तीन ठिकाणी बघितलंय.

चालू पाईप रस्त्यात आडवा पडत असेल तर वरून न्या. पॅलेट ट्रकचं चाक एकदा गेलं तरी आतलं अस्तर चिरतं आणि बाहेर खूण राहत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाईपला फुगा आला असेल किंवा जाळी दिसत असेल तर दुरुस्ती करू नका, तेवढा भाग कापा किंवा पाईप बाद करा, आणि बाद केलेला दोन तुकडे करूनच टाका, नाहीतर तो कोणीतरी उचलून परत लावतो. पाऊण इंच आणि त्यावरच्या पाईपची टोकं घरी बसवू नका, फेरूलवाल्याकडून करून घ्या आणि जोडावर दोन्हीकडून धरणारी स्टीलची सुरक्षा दोरी लावा.

टाकीवर वेल्डिंगच्या कडेला ओल किंवा गंज दिसतोय, सेफ्टी व्हॉल्व्ह उडत नाही किंवा सारखा उडतोय, प्रेशर स्विच ठरलेल्या आकड्याला बंद होत नाही, यातलं काही असेल तर कॉम्प्रेसर बंद ठेवा आणि जाणकाराला बोलवा. सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून किंवा प्लग मारून काम चालवू नका, टाकीला स्वतः वेल्डिंग तर अजिबात नको. कारखान्यांसाठी कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३१ मधे दाबाखालच्या यंत्रांचं सुरक्षित प्रेशर ओलांडलं जाऊ नये अशी तजवीज करायची जबाबदारी स्पष्ट दिलेली होती, नोव्हेंबर २०२५ मधे त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. टाकीची तपासणी सक्षम व्यक्तीकडून करून तिचा कागद ठेवा.

अंगावरची धूळ हवेने झाडू नका. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा बघणारी तिथली सरकारी संस्था) नियमात मशीन, टेबल साफ करायलासुद्धा ३० पीएसआयच्या खालीच हवा वापरायची आणि उडणाऱ्या कणांपासून बचाव पाहिजे असं आहे, म्हणजे आपल्या २ किलोच्या आसपास, आणि आपण ७-८ किलोची गन कपड्यांवर फिरवतो. मस्करीत एकमेकांच्या अंगात हवा सोडून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्याकडे येत असतात, शेडमधे ही मस्करी कोणी करत असेल तर त्याच क्षणी थांबवा.

हवा कातडीतून आत गेली असं वाटलं, त्या जागी सूज आली, दाबल्यावर करकर लागतं किंवा डोळ्यात-कानात झोत बसला, तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात न्या. बाहेरची खूण टाचणीच्या टोकाएवढीच दिसते म्हणून नुसती पट्टी बांधून परत पाठवतील, त्यामुळे डॉक्टरला जाताच सांगा की कॉम्प्रेसरच्या हवेने झालंय, किती किलो प्रेशर होतं आणि त्या लाईनमधे तेल येतं की नाही.